पक्षी न उडवता फोटो कसे काढायचे? घराच्या गॅलरीतून, अंगणातून पक्षी टिपणाऱ्या नाशिककरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. मागच्या गॅलरीसमोर रिकामा प्लॉट. त्यात एक जुना उंबर, सुबाभळीची झुडपं आणि कंपाउंडला लागून शेजाऱ्यांचा शेवगा. गेली नऊ वर्षं मी याच गॅलरीतून पक्ष्यांचे फोटो काढते. सोसायटीतल्या मैत्रिणी, भाचरं, सकाळी फिरताना भेटणारी मंडळी, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. कॅमेऱ्याबद्दल कमी आणि पक्ष्यांबद्दल जास्त लिहिलंय, कारण फोटो हुकतो तो बहुतेक वेळा पक्षी न कळल्यामुळे.

कपडे वाळत घालताना बुलबुल दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो. कॅमेरा घेऊन आले की भुर्र! असं का?

कपडे वाळत घालताना तुम्ही त्याच्याकडे बघत नाही, म्हणून. तुमचं रोजचं काम, रोजची हालचाल त्याला पाठ झालेली असते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. आता मांजर कशी येते ते आठवा. दबकत येते, थबकते, टक लावून बघते, पुन्हा दोन पावलं टाकते. कॅमेरा हातात आला की आपण नेमकं हेच करतो, आणि वर चेहऱ्यासमोर एक मोठा काळा गोल डोळा धरतो.

म्हणून पक्ष्याकडे जायचंच नाही. तो येण्याआधी आपण तिथे बसलेलं असायचं. मी पावणेसातला चहा घेऊन गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात बसते. जागा तीच, बुटकं स्टूल तेच. कॅमेरा ट्रायपॉडवर आधीच लावलेला असतो आणि ज्या फांदीवर पक्षी उतरतात तिकडे त्याचं तोंड असतं. पक्षी आला की फक्त बोट हलतं. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं, तर मी नजर चहाच्या कपाकडे वळवते. एवढ्यानेही तो पुष्कळदा थांबतो.

पक्षी उडण्याआधी सांगतो. खाणं थांबतं, मान उंच होते, पिसं अंगाला चापून बसतात आणि पक्षी एकदम बारीक दिसायला लागतो. शेपटीला झटके बसतात. अनेकदा उडण्याआधी तो शिटतोही. यातलं काही दिसलं की हात आहे तिथे थांबवा. पिसं फुगवून बसलेला, चोचीने पंख साफ करणारा, एका पायावर उभा राहिलेला पक्षी निवांत आहे असं समजा. फोटो तेव्हाचेच चांगले येतात. घाबरलेल्या पक्ष्याचा फोटो कितीही स्पष्ट आला तरी त्यातली भीती दिसते, आणि मला तो ठेवावासा वाटत नाही.

सवय व्हायला किती दिवस लागतात?

पक्ष्यागणिक वेगळे. साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल चार-पाच दिवसांत तुम्हाला गॅलरीतलं सामान समजू लागतात. शिंपी तर पहिल्या दिवसापासून कुंड्यांमधून तुरुतुरु फिरतो. दयाळला दोन-तीन आठवडे लागले. भारद्वाजाला मात्र आमच्याकडे पावसाळा आणि हिवाळा असे दोन ऋतू लागले. तो चालत चालत झुडपातून बाहेर येतो, आणि वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी परत आत जातो.

तुम्ही रोज जागा बदललीत तर मोजणी रोज नव्याने सुरू होते. वीस मिनिटं बसा, पण रोज बसा.

कपड्यांचा रंग महत्त्वाचा आहे का?

थोडासा. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनील प्रकाशही दिसतो. पांढराशुभ्र आणि भडक रंग टाळा, मळखाऊ रंगाचा जुना गाऊन किंवा कुर्ता चालेल. लष्करी छापाचे कपडे विकत आणायची काही गरज नाही. स्थिर बसण्याने जे साधतं ते कुठल्याच कापडाने साधत नाही.

कोणता कॅमेरा घ्यावा?

आधी घरात आहे तो वापरा. सहा महिने रोज बसणं जमलं तर मग पैसे घाला. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटरची लेन्स ही सुरुवात म्हणून ठीक आहे. गॅलरीसाठी ती बरेचदा पुरते. १५०-६०० सारखी लेन्स आली की लहान पक्षीही चौकट भरतात, पण ती दोन किलोच्या आसपास असते आणि हातात धरून वीस मिनिटं बसणं सोपं नाही. एकाच कॅमेऱ्यात सगळं हवं असेल तर ज्यांना ब्रिज कॅमेरा म्हणतात ते बघा. निकॉनच्या पी ९५० चा झूम २००० मिलिमीटरइतक्या लेन्सच्या तोडीचा आहे. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान असल्यामुळे कमी उजेडात दाणेदारपणा येतो, पण सकाळच्या उन्हात तो सुंदर काम करतो. जुना कॅमेरा घेताना लेन्समध्ये बुरशी आहे का ते टॉर्च लावून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल?

जमेल, पण वेगळ्या रीतीने. मोबाइलचा झूम ताणून दूरचा पक्षी टिपायला गेलात तर हाती फक्त रंगांचा डाग येतो. त्यापेक्षा मोबाइलच पक्ष्याच्या जागेजवळ ठेवा आणि आपण घरात बसा.

मोबाइल एकदम ठेवला तर पक्षी दोन दिवस येत नाहीत. म्हणून आधी मोबाइलच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्यावर बाटलीचं काळं झाकण चिकटवा आणि ते पाण्याच्या भांड्यापासून दीड-दोन फुटांवर ठेवून द्या. आठवडाभर ते तिथेच राहू द्या. साळुंक्या त्यावर बसायला लागल्या की खोकं काढा आणि तिथे छोट्या स्टँडवर मोबाइल लावा. क्लिक करायला ब्लूटूथचं बटण मिळतं. सेल्फी स्टिकबरोबर येतं तेच. नाहीतर सरळ फोर-के व्हिडिओ लावून ठेवा आणि नंतर त्यातली एक चौकट उचला. ती साधारण आठ मेगापिक्सेलची असते, घरात लावण्याइतका फोटो त्यातून होतो. माझ्या भाचीने दयाळाचा जो फोटो काढला, तो माझ्या मोठ्या लेन्सनेही मला तितक्या जवळून मिळालेला नाही.

मोबाइलचे सगळे आवाज बंद करायला विसरू नका. आणि उन्हाळ्यात त्याला सावलीत ठेवा, एप्रिलच्या उन्हात तो तापून बंद पडतो.

खिडकीला ग्रिल आहे, आत मच्छरजाळी, त्याच्या आत सरकती काच. यातून काय फोटो काढणार?

आपल्या सगळ्यांच्याच घरी हे आहे. ग्रिल ही अडचण नसून सोय आहे. तिच्या चौकटीतून लेन्सचं तोंड बाहेर काढा आणि खालच्या आडव्या पट्टीवर टेकवा. जुन्या उशीच्या अभ्र्यात किलोभर तांदूळ घालून, तोंड शिवून, तो लेन्सखाली ठेवला की ट्रायपॉडची गरज उरत नाही.

मच्छरजाळी मात्र सरकवाच. लेन्स जाळीला चिकटवून, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडून काढलं तर जाळीच्या रेषा नाहीशा होतात हे खरं, पण सगळा फोटो धुरकट होतो.

काच बंद ठेवूनच काढायचं असेल तर ती आधी बाहेरून पुसा. लेन्सचा हुड (तोंडावरची गोल कड) काचेला टेकवा म्हणजे प्रतिबिंब येणार नाही. खोलीतले दिवे बंद करा आणि तुमच्या पाठीमागचा पडदा ओढून घ्या. हे पडद्याचं फार कुणी सांगत नाही. मागच्या खिडकीतून उजेड येत असेल तर पक्ष्याला तुमची आकृती स्वच्छ दिसते. अंधाऱ्या खोलीत तुम्ही जवळपास दिसतच नाही. खिडकीतून फोटो काढायचं खरं सुख हे आहे की घरच तुमचं लपण होतं.

गॅलरीत किंवा अंगणात लपण कसं करावं?

नाशिकमध्ये शेडनेट कुठेही मिळते, शेतीचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात. हिरवी, पन्नास किंवा पंचाहत्तर टक्के सावलीची दोन मीटर आणा. गॅलरीच्या कठड्यावर ताठ बांधा, वाऱ्याने फडफडता कामा नये. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला लेन्सपुरती फट ठेवा. जुनी सुती साडीही चालते, तीही खालून वरून ताणून बांधली तर.

बांधायचं ते संध्याकाळी, पक्षी रात्रीच्या झाडांवर गेल्यावर. सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत बांधलंत तर त्या कापडाशी तुमचा संबंध त्यांनी जोडलाच म्हणून समजा.

एक कळकळीची विनंती आहे. द्राक्षबागेवर टाकायची पक्षीजाळी लपणासाठी वापरू नका. माझ्या भावाची मखमलाबादला बाग आहे आणि सैल सुटलेल्या जाळीत पाय अडकलेले बुलबुल मी स्वतः कात्रीने सोडवले आहेत. ज्या जाळीतून बोट जातं तिच्यात पक्ष्याचा पाय आणि मान दोन्ही जातात.

बागेत किंवा मळ्यात असाल तर गाडीत बसून काढा. उभी असलेली गाडी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना पक्षी घाबरत नाहीत. दार उघडून खाली उतरलात की घाबरतात.

पाणी ठेवायचं म्हणतात. कसं, कुठे?

फोटोंसाठी घरात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

कुंभाराकडून मातीचा पसरट परळ आणा. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, कारण अंघोळ करणाऱ्या लहान पक्ष्याला पाय टेकायला लागतात. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. शिंजीर जेमतेम पाच ते दहा ग्रॅमचा जीव. तो परळाच्या काठावरूनही घसरतो, दगडावर मात्र नीट बसतो. चिनी मातीचं किंवा स्टीलचं गुळगुळीत भांडं नको, स्टील तर उन्हात तापतं.

अंगणात असेल तर परळ झुडपापासून सहा-सात फुटांवर ठेवा. झुडूप फार लांब असेल तर पक्षी उतरायला धजत नाहीत. अगदी लगत असेल तर त्यात मांजर दबा धरून बसते. वर एखादी बाटली टांगून तिच्या बुडाला सुईने भोक पाडलं, तर थेंब पडण्याचा आवाज आणि पाण्यावरची थरथर यांनी पक्षी लवकर येतात. पाणी रोज बदला आणि परळ नारळाच्या शेंडीने घासा, साबण लावू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो, तेव्हा हा रोजचा नेम आपल्यासाठीही आहे.

आता फोटोची युक्ती. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या कशावर तरी बसून अंदाज घेतो. परळाच्या एक-दीड फूट बाजूला एक वाळकी, सालीची, छान वळणाची फांदी कुंडीत रोवून ठेवा. तो तिथेच बसेल. त्या फांदीच्या मागे पंधरा-वीस फूट मोकळी जागा असेल अशी दिशा निवडलीत तर पार्श्वभूमी मऊ हिरवी येते, पाइप आणि पाण्याच्या टाक्या दिसत नाहीत. परळाऐवजी फांदीवर बसलेला पक्षी तुमच्या फोटोत येतो तो असा.

दाणे घालावेत का? आमच्याकडे नुसती कबुतरं जमतात.

मी दाणे घालणं बंद केलं. बाजरी, राळे, तांदळाची कणी यांवर चिमण्या, होले आणि मुनिया येतात हे खरं. पण त्यांच्याआधी पारव्यांचे थवे येतात. त्यांची विष्ठा आणि पिसांचा भुगा सतत श्वासात गेला तर काही जणांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. घरात दमेकरी किंवा वयस्कर माणसं असतील तर हा धोका अजिबात घेऊ नका.

शिवाय ज्यांचे फोटो काढायची आपल्याला हौस असते ते दयाळ, शिंपी, शिंजीर, चष्मेवाला, नाचण हे दाणे खातच नाहीत. त्यांना किडे, मध आणि फळं लागतात. बुलबुल आणि साळुंक्यांसाठी पिकलेल्या पेरूची किंवा पपईची फोड खिळ्याला टोचून ठेवता येईल. संध्याकाळी ती उचला, नाहीतर घुशी येतात. शेव, फरसाण, बिस्किट, पाव हे काही नको, त्यातलं मीठ आणि तेल त्यांना बाधतं. साखरेच्या पाण्याच्या बाटल्याही मी टांगत नाही. त्यापेक्षा जास्वंद लावावी.

मग कोणती झाडं?

गॅलरीत जास्वंद, कढीपत्ता, अबोली. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ मिटक्या मारत खातात, म्हणून फुलोरा छाटू नका. अंगण असेल तर शेवगा, तुती, पेरू, डाळिंब, आणि जागा मोठी असेल तर उंबर किंवा पांगारा. औषध फवारू नका. मावा आणि अळ्या दिसल्या तर शिंप्यासाठी राहू द्या.

दिवसाची कोणती वेळ चांगली? आणि वर्षातली?

सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास. नाशिकला जानेवारीत सात वाजून गेल्यावर उजाडतं आणि जूनमध्ये सहाच्या सुमारास, तेव्हा गजर ऋतूप्रमाणे लावा. आमची गॅलरी पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी समोरच्या झाडांवर इमारतीची सावली असते. साडेआठच्या पुढे ऊन आधी उंबराच्या शेंड्याला लागतं आणि फांदीफांदीने खाली उतरतं. मी त्या उन्हाच्या कडेबरोबर कॅमेरा खाली आणत जाते. थंडीच्या दिवसांत पक्षीही उन्हाच्या त्याच कडेला येऊन पिसं फुगवून बसतात. तुमची गॅलरी पूर्वेला असेल तर सकाळी उजेड समोरून येईल, तेव्हा संध्याकाळ धरा.

उन्हाळ्यात दुपारी तीन-चारला परळावर गर्दी असते. ऊन रखरखीत असतं, पण परळ सावलीत असेल तर अंघोळीचे फोटो याच वेळी मिळतात.

वर्षाचं म्हणाल तर ऑक्टोबर उजाडला की मी कंपाउंडच्या भिंतीकडे लक्ष ठेवते, कारण थिरथिरा येतो. राखी-काळा, पोटाला तांबूस, शेपटी सारखी थरथरवणारा हा पाहुणा उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागला की जातो. भिंतीवर ठरावीक तीन-चार जागीच बसतो, म्हणून नवशिक्यांसाठी तो उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे उतरतात. मखमलाबाद, गंगापूर, दिंडोरीकडच्या बागांच्या कडेला एखादं फुललेलं झाड हेरून ठेवा आणि त्यापासून लांब बसा. तांबट याच सुमाराला टुकटुक सुरू करतो. आवाज जवळून येतो, पण तो सापडत नाही. वाळक्या फांदीच्या टोकाला बघा. शिंजिराचा नर या दिवसांत झळाळता जांभळा असतो. पावसाळ्यानंतर तोच मादीसारखा मळकट पिवळा होतो, छातीवर फक्त एक गडद पट्टा उरतो, आणि लोक मला विचारतात की हा नवा पक्षी कोणता!

भर पावसात उजेड इतका कमी असतो की मी नुसती बघत बसते.

कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवू?

बसलेल्या पक्ष्याला शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) १/५०० सेकंद पुरतो. शिंपी आणि शिंजीर क्षणभरही स्थिर नसतात, त्यांना १/१००० लागतो. अंघोळीचे थेंब गोठवायचे असतील तर १/१५०० पेक्षा जलद, आणि उडत्या पक्ष्याला १/२०००. अ‍ॅपर्चर लेन्समध्ये असेल तितकं उघडं, एफ ५.६ किंवा ६.३. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर टाका आणि वरची मर्यादा ३२०० ठेवा. दाणे आलेला स्पष्ट फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा.

फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. डोळा स्पष्ट असला की शेपटी धूसर असली तरी चालते.

काळा कोतवाल पांढुरक्या आकाशावर बसला असेल तर कॅमेऱ्यात उजेड (एक्स्पोजर) एक पायरी वाढवा, नाहीतर काळा डाग येतो. गडद झाडीसमोरच्या पांढऱ्या बगळ्याला उलट, एक पायरी कमी करा.

शटरच्या आवाजाने उडतात का?

पहिल्या आवाजाला मान वर होते, उडतीलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा एकच क्लिक करा आणि थांबा. त्याने पुन्हा खायला सुरुवात केली की पुढचं. आल्या आल्या धडाधड वीस फोटो ओढले तर तो जातोच. नव्या कॅमेऱ्यांत आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. बसलेल्या पक्ष्याला ते उत्तम, उडत्या पक्ष्याचे पंख मात्र त्यात कधीकधी वाकडे येतात. फोकसची ‘पीं’ आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा, दोन्ही मेनूत जाऊन बंद करा.

फ्लॅश?

नको. रात्री पिंगळ्यावर तर कधीच नको.

मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवला तर पक्षी लगेच येतो म्हणे.

येतो, आणि म्हणूनच वाजवू नये. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. खाणं टाकून, मादीला आणि पिल्लांना सोडून तो न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. मार्च ते जुलै या विणीच्या दिवसांत दयाळ पहाटेपासून हद्द राखण्यात आधीच दमलेला असतो. तुम्हाला एक फोटो मिळेल, पण त्याची सकाळ वाया जाईल.

शिंजीर आमच्या खिडकीच्या काचेवर रोज चोच मारतो. का?

काचेत त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवा. गाडीचे आरसेही पिशवीने झाका. आतून पडदा लावून उपयोग होत नाही, उलट प्रतिबिंब अधिक ठळक दिसतं.

आमच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय! फोटो काढू ना?

मला याचं उत्तर द्यायला जड जातं, कारण मी ते स्वतः चूक करून शिकले. चौथ्या वर्षी आमच्या मोगऱ्याच्या कुंडीत बुलबुलाची जोडी आली. तीन अंडी होती, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. मी आनंदाच्या भरात दिवसातून चार-पाच वेळा जायची, आड येणारी दोन पानं बाजूला बांधून ठेवली, म्हणजे घरटं स्पष्ट दिसावं. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. कावळ्याने नेली की भारद्वाजाने, ते पाहिलं नाही. पण जी पानं मी बाजूला केली तीच त्यांची भिंत होती, हे मला रिकामं घरटं बघितल्यावर कळलं. ते फोटो मी कुणाला दाखवलेले नाहीत.

आपण जवळ गेलो की मादी उठते. एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातही तापतात. तिच्या ओरडण्याने कावळ्यांना पत्ता लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नेही पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत घातलं आहे.

तेव्हा घरट्याचा फोटो नको. कुंडी हलवू नका, पाणी पक्षी नसताना हळूच घाला, त्या दाराचा वापर कमी करा. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला जवळपास तेवढेच. मग पिल्लं फांदीवर येऊन ओळीने बसतात, तेव्हा घरातून, लांबून, हवे तेवढे काढा.

पिल्लू खाली पडलंय. काय करू?

अंगावर पिसं असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर किंवा रहदारी असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा, आईबाप जवळच असतात. माणसाचा हात लागला की ते पिल्लाला टाकतात ही समजूत खोटी आहे. पिसं नसलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

संक्रांतीच्या आगेमागे हे फोन जास्त करावे लागतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारी संपेपर्यंत उंबरावर दोरे लोंबत असतात. आमच्या सोसायटीतली मुलं दरवर्षी काठीला आकडा बांधून ते काढतात. तुम्हीही काढा.

चिमण्या आता दिसत नाहीत. त्यांचे फोटो कुठे काढू?

दिसतात, पण जिथे भिंतीत फट, अंगणात माती आणि जवळ झुडूप आहे तिथे. जुन्या नाशकात, पंचवटीतल्या वाड्यांच्या भागात, आणि आसपासच्या खेड्यांत. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, आणि त्यामागे असलेले मोहम्मद दिलावर हे आपल्या नाशिकचे, याचा मला फार अभिमान वाटतो. घरटं लावायचं तर लाकडी पेटीला सव्वा इंचाचं भोक ठेवा, सावलीत, पंख्यापासून लांब लावा. पिल्लांना चिमण्या किडे भरवतात, तेव्हा नुसत्या पेटीने भागत नाही, झुडूपही हवं.

शेजाऱ्यांना वाटतं मी त्यांच्या खिडकीत बघते.

त्यांचं वाटणं बरोबर आहे. एवढी लेन्स आपल्याकडे वळलेली पाहून कुणालाही अवघड होईल. मी समोरच्या विंगमध्ये घरोघरी जाऊन सांगितलं, कॅमेऱ्यात काय दिसतं ते दाखवलं, आणि ज्या दिशेला कुणाची खिडकी येते त्या फांदीचे फोटो काढणं सोडून दिलं. आता त्याच काकू फोन करून सांगतात, अगं, तुझा शिक्रा आमच्या टाकीवर बसलाय.

पक्षी ओळखायचा कसा?

कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे मोफत अ‍ॅप फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. ते सुचवतं तेच खरं असं नाही, पण शोधाला दिशा मिळते. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात, भारत त्यात २०१३ पासून आहे. किमान पंधरा मिनिटं गॅलरीत बसून मोजलंत तरी तुमची यादी धरली जाते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून.

नांदूर मध्यमेश्वरला जाण्याआधी सराव कुठे करू?

गॅलरीतच. मग गोदाघाटावर, तिथले बगळे आणि पारवे माणसांना सरावलेले आहेत, म्हणून उडत्या पक्ष्याचा सराव होतो. त्यानंतर पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर आहे, आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे पक्षी हजारोंनी आहेत पण लांब आहेत. चिखलात उतरून जवळ जाणारे लोक मी पाहते. एक थवा उठला की त्याच्यामागे सगळं पाणी उठतं, आणि त्या सकाळी मनोऱ्यावर बसलेल्या कुणालाच काही मिळत नाही.

फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

बुलबुल, साळुंकी, थिरथिरा यांचं खुशाल लिहा. घरटी, घुबडं आणि पिंगळे यांचं लिहू नका, आणि फोटोत आपोआप साठवलं जाणारं ठिकाणही बंद करा. आमच्या उंबराच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कौतुकाने फोटो टाकला, खाली झाडाची खूण लिहिली. आठवडाभर संध्याकाळी टॉर्च घेऊन माणसं येत राहिली आणि पिंगळे गेले. पावसाळ्याच्या शेवटी ते परत आले, दुसऱ्या ढोलीत. ती कुठल्या झाडाची आहे ते मी इथेही लिहीत नाही.